जास्त ओळी म्हणजे जास्त काम?

सेमिस्टर संपत आलं की कोडिंगचा प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांच्या ग्रुपमध्ये एक मेसेज हमखास फिरतो: 'गिटमध्ये ज्याच्या नावावर कोडच्या जास्त ओळी, प्रोजेक्ट त्यानेच केला.' तसं वाटणं साहजिक आहे. आकडा समोर दिसतो, आणि आकड्याशी भांडायचं कसं?

पण गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन आहे, ते मेहनत मोजत नाही. कमिट करताना, म्हणजे बदल नोंदवताना, त्या लॅपटॉपवर जे नाव आणि ईमेल भरलेलं असतं, तेच नोंदवतं. इंदूरला भंवरकुआ भागातल्या एका खोलीत चौघं रात्रभर एकाच लॅपटॉपवर बसले, तर सहलेखकांची नावं मुद्दाम लिहिल्याशिवाय सगळं लॅपटॉपवाल्याच्या खात्यात जातं. (पोह्यांचे पैसे कुणी दिले, तेही कुठे नोंदलं जात नाही.) जावास्क्रिप्टमध्ये एखादी लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) घेतली की लॉक फाइलमध्ये, म्हणजे लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्यांच्या यादीत, शेकडो, कधी हजारो ओळी आपोआप येतात. उलट दोन दिवस छळणारी चूक कित्येकदा एकाच चिन्हाची निघते: 'पेक्षा कमी'च्या जागी 'पेक्षा कमी किंवा समान' हवं होतं.

स्वतः पडताळून बघा. 'गिट लॉग' (git log) या कमांडला 'नमस्टॅट' (--numstat) हा पर्याय जोडा. प्रत्येक कमिटमध्ये कोणत्या फाइलच्या किती ओळी वाढल्या, किती गेल्या ते दिसेल. आता लॉक फाइल वगळून पुन्हा बेरीज करा. टेस्टिंग, डेटाबेसची आखणी, दुसऱ्याचा कोड तपासणं यातलं बरंचसं तरीही सापडणार नाही. ते इश्यू (कामं आणि चुका) आणि रिव्ह्यू (कोडची तपासणी) यांच्या नोंदींत शोधा, नाहीतर सरळ प्रत्येकाला त्याचा भाग समजावून सांगायला लावा.