शाळा विकास आराखडा: शिक्षकांचे कार्यमूल्यमापन आणि गावापुढचा अहवाल त्याला कसा जोडायचा

बहुतेक शाळांच्या कपाटात तीन फायली असतात. एक शाळा विकास आराखड्याची, दुसरी शिक्षकांच्या गोपनीय अहवालांची (शिक्षकाच्या वर्षभराच्या कामाचे वरिष्ठांनी केलेले लेखी मूल्यमापन) आणि तिसरी पालक सभा व ग्रामसभेच्या इतिवृत्तांची. तिन्ही वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या घाईत भरल्या जातात. त्यामुळे आराखड्यात लिहिलेले शिक्षकाच्या उद्दिष्टात दिसत नाही आणि शिक्षकाने केलेले गावाला कळत नाही. या फायली एकमेकींशी बोलायला लागाव्यात, त्यासाठी कोणी, कधी, काय करायचे ते मराठवाड्यातल्या शाळांचे वेळापत्रक डोळ्यांसमोर ठेवून पुढे दिले आहे.

कोणत्या शाळांना लागू

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 हा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 21 मध्ये शाळा व्यवस्थापन समिती आहे आणि कलम 22 मध्ये शाळा विकास आराखडा. जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका आणि शासकीय शाळांना दोन्ही बंधनकारक आहेत. खासगी अनुदानित व अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत समितीचे काम 2012 च्या दुरुस्तीनंतर फक्त सल्ल्यापुरते उरले आणि कलम 22 च्या सक्तीतूनही त्या वगळल्या गेल्या. त्यांनी आराखडा करू नये असा याचा अर्थ नाही. स्वयंमूल्यमापन करताना सुधारणेचे नियोजन त्यांनाही दाखवावेच लागते. विनाअनुदानित शाळांना कलम 21 लागू नाही.

समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. अध्यक्ष पालकांतूनच निवडायचा. मुख्याध्यापक सदस्य-सचिव. इथे एक चूक वारंवार होते. अध्यक्षाचे मूल चौथी किंवा सातवी पास होऊन दुसऱ्या शाळेत जाते आणि सही मात्र त्याचीच चालू राहते. मूल शाळेतून गेले की तो सदस्य पालक प्रवर्गात राहत नाही. आराखड्यावर सही घेण्याआधी हजेरीपटावर नाव पडताळून घ्या, नाहीतर आक्षेप आला की सगळी कागदपत्रे परत फिरतात.

आराखड्यात काय असते

आराखडा तीन वर्षांचा, त्याच्या पोटात तीन वार्षिक उपआराखडे. नियमांप्रमाणे समिती ज्या आर्थिक वर्षात पहिल्यांदा गठित होते, ते वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर, तो तयार हवा आणि 31 मार्चपूर्वी स्थानिक प्राधिकरणाकडे गेला पाहिजे. त्यात चार गोष्टी लागतात: प्रत्येक वर्षाचा इयत्तावार अपेक्षित पट, पहिली ते पाचवी व सहावी ते आठवीसाठी वेगवेगळी शिक्षकसंख्या, वर्गखोल्या व साहित्याची गरज आणि वर्षनिहाय खर्च.

शिक्षकसंख्येच्या ओळीत घोळ होतो तो असा. कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक, 61 ते 90 ला 3, 91 ते 120 ला 4 असा हिशेब आहे. पण पद मंजूर होते ते संचमान्यतेत (पटानुसार शाळेची शिक्षकपदे ठरवणारी मंजुरी), 30 सप्टेंबरच्या पटावर, आणि तिथे आधार वैध झालेलीच मुले धरली जातात. राज्याचे निकषही अनुसूचीसारखे सरळ राहिलेले नाहीत. 15 मार्च 2024 चा शासन निर्णय वाचल्याशिवाय पदांची ओळ लिहू नका. आधारवरचे नाव आणि जनरल रजिस्टरमधले (शाळेच्या प्रवेश नोंदवहीतले) नाव जुळत नसलेली पाच मुलेसुद्धा एका पदाचे नुकसान करू शकतात. म्हणून "आधार दुरुस्ती, 31 ऑगस्टपर्यंत, अमुक शिक्षक" ही आराखड्यातली खरीखुरी ओळ आहे, कितीही किरकोळ वाटली तरी.

खर्चाच्या बाजूला समग्र शिक्षा अभियानाचे संयुक्त शाळा अनुदान धरा. 30 पर्यंत पटाला 10,000 रुपये, 31 ते 100 ला 25,000, 101 ते 250 ला 50,000, 251 ते 1000 ला 75,000 आणि त्यावर 1 लाख. यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर. म्हणजे 48 मुलांच्या शाळेत 2,500 रुपये संडास-हात धुण्याच्या सोयीला बाजूला काढून उरलेल्या 22,500 मध्ये वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती. या पैशांत वर्गखोली होत नाही. तरीही अनेक आराखड्यांत "नवीन खोली" या ओळीपुढे निधीचा स्रोत म्हणून "शाळा अनुदान" लिहिलेले सापडते.

निजामकालीन इमारत असेल तर क्रम लक्षात ठेवा: आधी जुन्या खोलीचे निर्लेखन (ती वापरातून बाद करून नोंदीतून काढणे), मग नव्या खोलीची मागणी. निर्लेखनाच्या प्रस्तावाला समितीचा ठराव, फोटो, जागेचा ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा आणि जिल्हा परिषद बांधकाम उपविभागाचा धोकादायक असल्याचा अहवाल जोडा.

एकच ओळ, तीन कागदांवर

आता मुख्य काम. शाळा सिद्धी, म्हणजे शाळांच्या स्वयंमूल्यमापनाची राष्ट्रीय चौकट, ज्यांनी हाताळली आहे, त्यांना त्यातली सात क्षेत्रे आणि 46 गाभा मानके माहीत असतील. त्यातल्या चौथ्या क्षेत्रात शिक्षकांच्या कामगिरीचे व्यवस्थापन आहे, सातव्यात समाजाचा सहभाग. चौथ्या क्षेत्रातले एक मानक तर थेट जबाबदारी वाटून उद्दिष्ट ठरवण्याबद्दल आहे. म्हणजे जोडणीची सोय आधीपासून केलेली आहे, फक्त ती पोर्टलवर मानकाला स्तर 2 द्यायचा की स्तर 3 एवढ्यावर थांबते.

आराखड्याची प्रत्येक ओळ अशी लिहा की तिच्यात पाच गोष्टी असतील: आजची स्थिती आकड्यात, गाठायची स्थिती, तारीख, जबाबदार शिक्षक आणि त्याला काय पुरवायचे. नमुना पाहा. "तिसरी, पट 14. हातच्याची वजाबाकी 8 मुलांना येते. 30 नोव्हेंबरपर्यंत 12 ला यावी. वर्गशिक्षक. रोज परिपाठानंतर 30 मिनिटे, दशकाचे दांडे (दहाचे गट दाखवणारे गणिताचे साहित्य) 10 संच, त्या वेळेत दुसरे काम नाही." शेवटचे वाक्य महत्त्वाचे. कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम लावता येत नाही. शाळेने कबूल केलेला वेळ आणि साहित्य लेखी असेल, तरच शिक्षकाकडून उद्दिष्टाचा जाब मागणे न्यायाचे ठरते.

हीच ओळ शिक्षकाच्या स्वयंमूल्यमापनात शब्दशः उतरते. कलम 24 मधली कर्तव्ये (नियमितपणा, अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करणे, प्रत्येक मुलाची क्षमता पाहून जादा अध्यापन, पालकांशी नियमित बैठका) हा त्याचा कायदेशीर पाया. मुख्याध्यापक गोपनीय अहवालात आपला शेरा (प्रतिवेदन) लिहिताना "काम समाधानकारक" असे न लिहिता आकडा लिहितात: 14 पैकी 11, एक मूल कमी, कारण अमुक.

इथे एक गोची आहे, ती फार कमी जण ओळखतात. गोपनीय अहवालाचे वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च. शाळेचे वर्ष जून ते एप्रिल. त्यामुळे 31 मार्चला अहवाल लिहिताना त्या वर्षाचा वार्षिक निकाल हातात नसतोच. एप्रिलमधली संकलित 2, म्हणजे दुसऱ्या सत्राची चाचणी, पुढच्या अहवालात जाते, तोवर वर्ग बदललेला, कधी कधी शिक्षकही बदलून गेलेला. उपाय सोपा आहे: उद्दिष्टे वर्षाच्या सुरुवातीची पायाभूत चाचणी ते पहिल्या सत्राची संकलित 1 या काळासाठी ठरवा. दोन्हींचे गुण 31 मार्चआधी हातात असतात. वार्षिक निकाल आराखड्याच्या पुढच्या उपआराखड्यात आधाररेषा म्हणून घ्या.

ऊसतोडीचा हंगाम आणि आकड्यांचा प्रामाणिकपणा

बीड, धाराशिव, जालना, परभणीच्या अनेक गावांत दसरा-दिवाळीनंतर पालक कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पट 14 राहतो, वर्गात 9 मुले असतात. सरसकट 14 ने भागले तर शिक्षक नापास, 9 ने भागले तर गेलेली पाच मुले कागदावरूनच नाहीशी. म्हणून चार रकाने करा: पटावर, वर्गात हजर, हंगामी वसतिगृहात (पालक गेल्यावर मुलांना गावातच ठेवण्याची सोय), आणि शिक्षण हमी पत्रक (दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून दिलेले पत्र) घेऊन गेलेली. शिक्षकाचे मूल्यमापन वर्गात व वसतिगृहात राहिलेल्या मुलांवर करा. गेलेल्या मुलांबाबत त्याला दोनच गोष्टी विचारा: हमी पत्रक दिले का, आणि मूल परत आल्यावर आठ दिवसांत त्याची पातळी तपासली का. परतणाऱ्या मुलांच्या जादा वर्गाचा खर्च आराखड्यात विशेष प्रशिक्षणाच्या ओळीत आधीच धरलेला हवा. मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू होते, उन्हामुळे दुपारी मुले थांबत नाहीत. दुपारचा वेळ धरून जादा वर्गाचे नियोजन करणारे आराखडे कोसळतात.

गावाला काय सांगायचे, कधी सांगायचे

समितीची सभा महिन्याला असते, पण खुरपणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी अकराला बोलावली तर कोरम भरत नाही. संध्याकाळी साडेसात बरी. गावापुढे वर्षातून तीनदा जा.

पहिली वेळ 17 सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. ध्वजवंदनाला गाव शाळेत आलेलेच असते. पायाभूत चाचणीचे वर्गनिहाय आकडे आणि आराखड्यातल्या पाच मुख्य ओळी तेव्हा वाचून दाखवा. बांधकामाच्या, पाण्याच्या, कुंपणाच्या मागण्यांचे पत्र त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीला द्या, कारण ग्रामपंचायत विकास आराखड्याची तयारी 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून धरतात. जानेवारीत दिलेले पत्र वर्षभर पडून राहते. दुसरी वेळ 26 जानेवारी: संकलित 1 चे आकडे, झालेला खर्च, राहिलेली कामे. तिसरी 1 मे, निकालाचा दिवस. प्रगतिपत्रक घ्यायला पालक येतातच, वेगळी सभा लागत नाही.

अहवाल एका पानाचा, मोठ्या अक्षरात, दर्शनी फलकावर. त्यात वर्गाची बेरीज असते, मुलाचे नाव नाही आणि गुणही नाहीत. मुलाची प्रगती फक्त त्याच्या पालकाला. शिक्षकाचा गोपनीय अहवाल तर ग्रामसभेत कोणी मागितला तरी वाचायचा नाही. दोन शिक्षकी शाळेत मात्र "तिसरीचे आकडे" म्हटले की शिक्षक कोण हे सगळ्यांना ठाऊक असते. त्यामुळे आकड्यासोबत शाळेने कबूल केलेले काय पुरवले नाही हेही त्याच पानावर छापा. "दांडे 10 पैकी 4 संच मिळाले" हे वाचल्यावर गावातला रोख बदलतो, कित्येकदा उरलेले सहा संच गावातूनच मिळतात.

समितीला शिक्षकाची उपस्थिती आणि वक्तशीरपणा पाहण्याचा अधिकार आहे. नोटीस देण्याचा, वेतन कापण्याचा नाही. तक्रार असेल तर तारखा घालून ठराव करा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. शिस्तभंगाची कारवाई सेवानियमांनुसार तिकडूनच होते.

सादर करताना जोडायची कागदपत्रे

शुल्क नाही, मुद्रांकाची गरज नाही. समिती गठनाचे इतिवृत्त व सदस्य यादी, आराखडा मंजुरीचा ठराव, 11 अंकी युडायस क्रमांकासह युडायस प्लसचा (शाळांच्या माहितीची राष्ट्रीय नोंद प्रणाली) चालू वर्षाचा गोषवारा, शाळेच्या स्वयंमूल्यमापनाची प्रत, 6 ते 14 वयोगटाच्या घरटी सर्वेक्षणाची यादी, मागील वर्षाचे उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला), रोकडवही व पासबुकाच्या प्रती, बांधकामाची मागणी असल्यास अभियंत्याचे अंदाजपत्रक आणि तीन अहवालांच्या सभांची उपस्थितीपत्रके. शिक्षकांची स्वयंमूल्यमापनपत्रे यात जोडू नका, ती वेगळ्या बंद मार्गाने जातात.

सगळ्यांत जास्त प्रस्ताव परत येतात ते आकडे न जुळल्यामुळे. आराखड्यात पट 52, युडायसमध्ये 49, हजेरीपटावर 51. पाठवण्याच्या दिवशी तिन्ही समोर ठेवून एकच तारीख आणि एकच आकडा लिहा. दोन प्रती करा, केंद्रप्रमुखांमार्फत पंचायत समितीच्या शिक्षण विभागात द्या आणि शाळेच्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेऊनच निघा. मुख्याध्यापकाची बदली झाली तर पदभार यादीत जडवस्तू (टिकाऊ सामानाच्या) नोंदवहीच्या खाली या प्रतीचा स्वतंत्र अनुक्रमांक असू द्या. नव्या माणसाला पहिल्या वर्षाचा आराखडा पुन्हा लिहायला लागला, तर चालू उद्दिष्टांचा धागा तिथेच तुटतो.