भाड्याचं घर सोडल्यावर डिपॉझिट परत कसं मिळवायचं: हक्क कुणाचा, कागद कोणते, दाद कुठे

डिपॉझिट परत मिळण्यासाठी महाराष्ट्रात कुठलाही सरकारी फॉर्म नाही. घरं बहुतेक लिव्ह अँड लायसन्स करारावर, म्हणजे ठराविक मुदतीसाठी राहण्याची परवानगी देणाऱ्या करारावर, दिली जातात आणि डिपॉझिट हा त्या करारातला दोघांमधला पैशाचा व्यवहार असतो. पोलीस चौकीत गेलात तर 'हे दिवाणी प्रकरण आहे' एवढंच बहुधा ऐकायला मिळतं. म्हणून करारात काय लिहिलंय आणि चावी देताना काय लिहून घेतलं, या दोन गोष्टी भक्कम हव्यात.

'कायद्याने दोनच महिन्यांचं डिपॉझिट घेता येतं' असं अनेक जण सांगतात. ती मर्यादा २०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यातली आहे. तो नमुना कायदा आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चालतो. त्यामुळे मालकाशी बोलताना दोन महिन्यांचा मुद्दा काढू नका, आपलीच बाजू कच्ची दिसते.

मागणी कोण करू शकतो

करारात ज्याचं नाव आहे तो. तीन-चार मित्र मिळून फ्लॅट घेतात आणि करार एकाच्या नावावर होतो, तेव्हा कायद्याच्या नजरेत डिपॉझिट त्याचंच. बाकीच्यांनी आपला वाटा त्याच्या खात्यावर पाठवला असेल तर तो हिशेब त्यांनी आपसात मिटवायचा, मालकाला त्याचं देणंघेणं नाही. मधेच कुणी बाहेर पडत असेल तर नव्या येणाऱ्याने जुन्याला किती दिले, हे त्याच दिवशी मेसेजवर लिहून ठेवा.

शिवाय तीन गोष्टी पूर्ण हव्यात. लॉक-इनचा काळ, म्हणजे करारानुसार ज्याआधी घर सोडता येत नाही तो काळ, संपलेला हवा, करारात लिहिलेल्या मुदतीची नोटीस लेखी दिलेली हवी आणि भाडं चुकतं केलेलं हवं. लॉक-इन मोडला असेल तर उरलेल्या महिन्यांचं भाडं कापण्याचं कलम बहुतेक करारांत असतं. बाहेर पडण्याआधी ते वाचा.

कागदपत्रं

पहिला कागद म्हणजे नोंदणी झालेला करार. प्रत हरवली असली तरी घाबरू नका. दस्त क्रमांक माहीत असेल तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सारांश) शोधता येतो आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळते. डिपॉझिट दिल्याचा पुरावा म्हणून बँकेचा उतारा किंवा यूपीआयची नोंद काढून ठेवा. त्याबरोबर भाडं भरल्याच्या नोंदी, वीज आणि गॅसची शेवटची बिलं, घर सोडण्याची नोटीस, राहायला आल्या दिवशीचे आणि सोडल्या दिवशीचे फोटो, मालकाशी झालेले सगळे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. चॅट डिलीट करू नका, नंबर ब्लॉक करू नका.

करार नोंदवलेलाच नसेल तर? 'अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही' हा आपल्याकडचा सर्वात पसरलेला गैरसमज आहे. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. भाडेकरूसाठी त्याहून मोलाची गोष्ट पुढे आहे: करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. नोटरी केलेला कागद हातात घेऊन 'आपलं काही चालणार नाही' असं समजणाऱ्यांनी हे कलम मालकाला वाचून दाखवावं.

करारात डिपॉझिट कमी दाखवून उरलेली रक्कम रोखीत मागितली जाते, तेव्हा स्टॅम्प ड्युटी वाचते असं कारण दिलं जातं. जरा हिशेब करू. ड्युटी एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्के व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का असते. एक लाख डिपॉझिटचं वर्षाचं व्याज धरलं दहा हजार, त्याचा पाव टक्का पंचवीस रुपये. या पंचवीस रुपयांपायी लाखाचा पुरावा हातचा जातो. 'हेवी डिपॉझिट' देऊन भाडं न भरण्याच्या व्यवहारात तर रक्कम पाच-दहा लाखांच्या घरात असते, आणि मालकाने ती बहुतेकदा वापरलेली असते. तिथे पैपैची नोंद करारात हवीच.

चावी देण्याचा दिवस

मी स्वतः एकदा पुण्यातलं घर सोडताना टेम्पो खाली उभा म्हणून चावी वॉचमनकडे ठेवून निघालो. मालकांनी पुढे 'ताबा महिनाभराने मिळाला' म्हणत तेवढं भाडं कापलं. माझ्याकडे खोडून काढायला एक ओळही नव्हती. तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच सांगतो: चावी हातात द्या आणि पावती हातात घ्या.

त्या दिवशी मालकाबरोबर खोल्याखोल्यांतून फिरा. गिझर, पंखे, नळ चालू करून दाखवा, वीज मीटरच्या आकड्याचा फोटो काढा, कारण शेवटचं बिल तुम्ही गेल्यावर येणार असतं. मग साध्या कागदावर एवढं लिहून दोघांच्या सह्या घ्या:

"आज दिनांक … रोजी सदनिका क्रमांक … चा रिकामा ताबा व … चाव्या मिळाल्या. वीज मीटरचा आकडा … . भाडं … पर्यंत जमा. डिपॉझिट रुपये … , वजावट रुपये … , कारण … . उरलेले रुपये … दिनांक … पर्यंत भाडेकरूच्या खात्यावर जमा करीन."

मालक परगावी असेल तर हाच मजकूर त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि 'ओके' मिळाल्यावरच चावी सांगितलेल्या माणसाकडे द्या. त्या माणसाचं नावही मेसेजमध्ये हवं.

डिपॉझिट हातात पडेपर्यंत चावी सोडू नका, असा सल्ला मिळतो. आधी करार पाहा. ताबा आणि डिपॉझिट एकाच वेळी द्यायचं, असं अनेक करारांत लिहिलेलं असतं. काहींत डिपॉझिट न मिळाल्यास भाडं न देता राहण्याची मुभाही असते. असं कलम असेल तर त्यावर ठाम राहा. नसेल तर मुदतीनंतर घर अडवून धरू नका, कारण १९९९ च्याच कायद्याच्या कलम २४ खाली दुप्पट दराने भरपाई मागे लागू शकते. शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करायचं असेल, तर तेही मालकाच्या लेखी होकारानंतरच.

काय कापता येतं

थकलेलं भाडं, न भरलेली बिलं आणि भाडेकरूने केलेली मोडतोड. वापराने होणारी झीज मोडतोडीत धरत नाहीत: भिंतीचा रंग फिका पडणं, नळाचा वॉशर जाणं ही झीज, बेसिन फुटणं, दाराला भोक पडणं ही मोडतोड. खरा वाद होतो रंगकामावर. घर सोडताना रंगाचा खर्च भाडेकरूने द्यायचा, असं करारात असेल तर तो द्यावा लागतो. नसेल तर 'एक महिन्याचं भाडं पेंटिंगचं' ही प्रथा तुम्हाला बांधील नाही. कपात केली तर बिल मागा, आणि मागणी लेखी करा.

पैसे आले नाहीत तर

ठरलेली तारीख उलटली की आधी एक साधं, सभ्य स्मरणपत्र पाठवा. उत्तर नाही आलं तर लेखी नोटीस द्या. वकिलाकडूनच हवी असं नाही, पण पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने पाठवा आणि प्रत ईमेलवर द्या. तिच्यात दस्त क्रमांक, डिपॉझिटची रक्कम, ताबा दिल्याची तारीख, मान्य असलेली वजावट, उरलेली मागणी आणि पंधरा दिवसांची मुदत लिहा. 'या तारखेपासून व्याजही मागणार' हे वाक्य विसरू नका. करारात व्याजाचा दर नसला तरी अशा लेखी नोटिशीच्या तारखेपासून न्यायालय व्याज देऊ शकतं.

त्यानंतर थेट दाव्याकडे धावण्याआधी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका समितीत जा. दावा दाखल करण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. साधा अर्ज, कराराची प्रत, पैसे दिल्याचा पुरावा आणि नोटिशीची पोच जोडायची. कोर्ट फी लागत नाही. प्राधिकरण मालकाला बोलावतं, आणि न्यायालयाचं पत्र आल्यावर महिनोन्‌महिने फोन न उचलणारी माणसंही बोलायला बसतात. तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही. मालक आलाच नाही तर मात्र तिथे सक्ती करता येत नाही. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अपंग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेही तिथेच विचारा.

शेवटचा मार्ग दाव्याचा. पैशाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे 'देतो, देतो' वर वर्षं घालवू नका. लेखी करार आणि ठरलेली रक्कम असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा लावता येतो. त्यात मालकाला बचावासाठी न्यायालयाची परवानगी मागावी लागते, म्हणून तो नेहमीच्या दाव्यापेक्षा लवकर सरकतो. तुमच्या शहरात तो नेमका कोणत्या न्यायालयात लावायचा, हे दाखल करण्याआधी वकिलाकडून पक्कं करून घ्या.

नोटीस गेल्यावर बरेच मालक चेक देतात आणि सोबत 'पूर्ण रक्कम मिळाली' अशा कागदावर सही मागतात. चेक वटल्याशिवाय सही करू नका. तो परत आला तर बँकेचा मेमो जपून ठेवा. मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत मालकाला लेखी नोटीस द्यायची असते, नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला त्याला पंधरा दिवस मिळतात, आणि तरीही भरले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या (चेकबाबतच्या कायद्याच्या) कलम १३८ खाली फौजदारी तक्रार करता येते.