मूड येण्याची वाट

रविवार, दुपारचे चार. मी पलंगावर आडवा, हातात फोन. अंगठा आपोआप पडदा वर सरकवतोय आणि पाहिलेलं काहीच लक्षात राहत नाहीये. समोरच्या खुर्चीवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग दोन दिवस तसाच पडलेला. वाईट असं काही घडलं नव्हतं, नुसती मरगळ होती. ‘जरा बरं वाटलं की उठू’, मी स्वतःला तिसऱ्यांदा सांगितलं.

गडबड या वाक्यातच आहे. आधी बरं वाटेल आणि मग उठू, हा क्रम आपल्या इतका अंगवळणी पडलेला असतो की तो तपासून पाहावा असं सुचतही नाही. १९७०च्या दशकात पीटर लेविनसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने नैराश्याकडे दुसऱ्या टोकाकडून पाहिलं. माणूस उदास होतो तेव्हा कामं टाळतो, माणसं टाळतो. ती टाळली की त्यांच्यातून दिवसभरात मिळणारे बारीकसारीक आनंदही आटतात. मग उदासी वाढते आणि टाळाटाळही. हे चक्र तोडायचं कुठे? भावना हुकूम ऐकत नाहीत. हातपाय मात्र ऐकतात, कुरकुरत का होईना.

या विचाराची कसोटी १९९६मध्ये नील जेकबसन या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी घेतली. नैराश्याच्या काही रुग्णांना त्यांनी विचार बदलायला शिकवणारे संपूर्ण उपचार दिले. काहींना त्यातला फक्त एक तुकडा दिला, तो म्हणजे ठरवून कामाला लागणं. दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. पुढे २०१६मध्ये ब्रिटनमध्ये ४४० जणांवर मोठी चाचणी झाली. तिथेही कमी प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी दिलेला हा साधा उपचार, तज्ज्ञांनी दिलेल्या विचारकेंद्री उपचारापेक्षा कमी पडला नाही. हे सगळं आजारी माणसांबद्दल आहे, मान्य. पण जे जड नैराश्यात चालतं ते रविवारच्या मरगळीत चालू नये, असं मला तरी दिसत नाही.

मग आपण उठत का नाही? कारण आपलं मन भविष्य सांगत बसतं, आणि चुकीचं सांगतं. कॅनडातल्या एका विद्यापीठाच्या इमारती भुयारी वाटांनी जोडलेल्या आहेत. तिथल्या संशोधकांनी काहींना भुयारातून, तर काहींना बाहेर झाडांच्या कडेने फिरायला लावलं आणि निघण्यापूर्वी विचारलं, ‘तुम्हाला किती छान वाटेल?’ बाहेर फिरणाऱ्यांना अंदाजापेक्षा बरंच जास्त छान वाटलं. शिकागोतल्या लोकल प्रवाशांचंही तेच. अनोळखी सहप्रवाशाशी बोलण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ज्यांना बोलायला सांगितलं होतं, त्यांचा प्रवास जास्त मजेत झाला. निकोलस एप्ली आणि जुलियाना श्रोडर यांचा हा अभ्यास २०१४चा.

ही झाली चारचौघांची गत. उदास माणसाचा अंदाज तर आणखी बिघडतो, कारण उदास असताना उदास आठवणीच चटकन हाताशी येतात. ‘गेल्या वेळी गेलो होतो, काय मजा आली?’ असं मन विचारतं आणि साक्षीला नेमका फसलेला दिवस उभा करतं.

यावर उपाय म्हणून एक साधं टिपण ठेवता येतं. काही करण्यापूर्वी लिहायचं: किती बरं वाटेल, दहापैकी किती? करून झालं की पुन्हा लिहायचं. माझ्या वहीत एका संध्याकाळी ‘चक्कर मारणं: २’ असं आहे आणि त्यापुढे ‘५’. पाच म्हणजे काही स्वर्ग नव्हे. पण अशा दहाबारा ओळी जमल्या की मनाच्या ज्योतिषावरचा विश्वास उडायला लागतो. वहीत नुसती मौजेची कामं नकोत; तुंबलेली कामंही हवीत, कारण काम हातावेगळं झाल्याचं समाधान वेगळंच असतं.

दुसरा शत्रू म्हणजे रवंथ. ‘मला असं का होतंय’ हे पुनःपुन्हा चघळल्याने उत्तर सापडेल असं वाटतं खरं. पण सुझन नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ. त्यांनी उदास लोकांना आठ मिनिटं स्वतःच्या भावनांवर विचार करायला लावलं, तर त्यांची उदासी वाढली. दुसऱ्यांना तेवढाच वेळ आकाशात जमणारे ढग किंवा ट्रम्पेटचा चकचकीत पृष्ठभाग डोळ्यांसमोर आणायला सांगितलं, त्यांची कमी झाली. ट्रम्पेट! इतक्या निरर्थक गोष्टीनेही काम भागतं, फक्त ती स्वतःबद्दल नसावी. फोन चाळणं यात बसत नाही, असं माझं मत; अंगठा चालू राहतो आणि मागे रवंथही.

व्यायामाचं सगळ्यांनाच माहीत आहे, पण त्यामागचं कारण बहुतेक ठिकाणी जुनंच सांगितलं जातं: व्यायामाने शरीरात एंडॉर्फिन नावाचं, बरं वाटायला लावणारं द्रव्य तयार होतं. पण हे एंडॉर्फिन रक्तातून मेंदूत सहजी शिरत नाही. २०२१मध्ये जर्मन संशोधकांनी धावपटूंना एंडॉर्फिनचा परिणाम रोखणारं औषध दिलं, तरी धावल्यानंतरची धुंदी आलीच. संशय आता शरीरातच तयार होणाऱ्या दुसऱ्या द्रव्यांवर आहे. त्यातलं एक जेरुसलेममध्ये राफाएल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत १९९२मध्ये सापडलं. शोधणाऱ्यांनी नाव दिलं आनंदामाइड, थेट संस्कृतातल्या ‘आनंद’वरून. अर्थात पाऊण तास धावल्यावरची धुंदी गल्लीच्या टोकापर्यंत चालून येणार नाही. तरी बाहेर पडावंच, उजेडासाठी सुद्धा: खोलीत दिवे लावून जेमतेम काहीशे लक्स (प्रकाश मोजण्याचं एकक) उजेड असतो, तर बाहेर ढगाळ दिवशीही काही हजार.

आरशासमोर खोटं हसणं? २०२२मध्ये १९ देशांत मिळून केलेल्या प्रयोगात त्याचा परिणाम दिसला, पण अगदी किंचित. फुकट आहे, हसून बघा.

मात्र दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसभर उदास वाटत असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर वही पुरत नाही. डॉक्टरांना गाठायला हवं. जगणं नकोसं झाल्याचे विचार येत असतील, तर दोन आठवडेही थांबायचं नाही, आजच कुणाला तरी सांगायचं.

त्या रविवारी मी शेवटी एकच शर्ट घडी करायचा ठरवला. बाही आत दुमडायची राहिली, पुन्हा उलगडला, पुन्हा केला. मग टॉवेल, ते सोपे असतात. मोज्यांपर्यंत आलो तेव्हा एका मोज्याचा जोडीदार सापडेना, म्हणून पलंगाखाली वाकलो. फोन कुठे ठेवलाय हे तेव्हा आठवलंही नाही.