रिटर्न पंप दहापटच हवा? खुलासा

बडोद्यात घरी फिश टँक ठेवणाऱ्या आपल्या मंडळींत एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे: टाकीत जितके लिटर पाणी, त्याच्या दहापट ताशी लिटरचा रिटर्न पंप घ्या. हा सल्ला चुकीचा आहे आणि त्याचा भुर्दंड वीजबिलाबरोबर माशांनाही पडतो.

रिटर्न पंपाचं काम एकच, खालच्या संपमधलं (टाकीखाली ठेवलेल्या, पाणी गाळणाऱ्या दुसऱ्या टाकीतलं) गाळलेलं पाणी वर टाकीत पोचवणं. त्याला ताशी तीन ते पाचपट पुरे. प्रवाळांना जोरदार प्रवाह लागतो हे खरं, पण तो वेव्हमेकरने, म्हणजे टाकीतच बसवलेल्या पाणी ढवळणाऱ्या छोट्या पंपाने द्यायचा.

खरी गफलत खोक्यावरच्या आकड्यात आहे. तो शून्य उंचीचा असतो. पाणी जसं वर चढतं, वाटेत एल्बो (पाइपाची वळणं) येतात, तसा तो घटत जातो. 200 लिटरची टाकी आणि सव्वा मीटर चढ असेल, तर पंपाच्या उंचीनुसार प्रवाह दाखवणाऱ्या आलेखात त्या उंचीला ताशी 600 ते 1000 लिटर दिसायला हवेत. घरीही तपासता येतं: परतीची नळी टाकीच्या उंचीवरच 10 लिटरच्या बादलीत धरा. 36 सेकंदांत भरली, तर ताशी 1000 लिटर.

फाजील मोठ्या पंपाचं पाणी ओव्हरफ्लोच्या (टाकीतून संपमध्ये पाणी उतरवणाऱ्या) पाइपातून वेळेत उतरत नाही, टाकी काठोकाठ येते. शिवाय बुडालेल्या पंपाची उष्णता पाण्यातच मुरते. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना हे मुळीच परवडत नाही. वेग कमी-जास्त करता येणारा डीसी पंप मिळाला तर उत्तमच. आणि पंप कुठलाही असो, वीज गेल्यावर उलटं उतरणारं पाणी मावेल एवढी जागा संपमध्ये रिकामी ठेवा.