हेड गॅस्केट गेले की ईजीआर तुंबला? जुन्या प्रियसच्या थरथरीचा उलगडा

टोयोटा प्रियसच्या तिसऱ्या पिढीबद्दल, म्हणजे अमेरिकेत २०१० ते २०१५ या मॉडेल-वर्षांत विकल्या गेलेल्या गाडीबद्दल, एक तक्रार वारंवार ऐकू येते. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केली की इंजिन पेटताच ती काही सेकंद जोरात थरथरते, खडखडते, आणि मग पुन्हा सुरळीत चालू लागते. इंजिनची खूण पेटली, तर गाडीच्या संगणकात बहुधा मिसफायरचा, म्हणजे सिलिंडर नीट न पेटल्याचा, कोड सापडतो. या लक्षणामागे हेड गॅस्केट गळत असू शकते किंवा ईजीआर (एक्झॉस्ट गॅस रिसर्क्युलेशन) यंत्रणा काजळीने तुंबलेली असू शकते. दोन्हींच्या खर्चात मोठे अंतर असल्याने निदानाची घाई करणे परवडत नाही.

हेड गॅस्केट हे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामध्ये दाबून बसवलेले, पोलादी पत्र्यांच्या थरांचे सील असते. ज्वलनाचा दाब, तेल आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) यांना आपापल्या वाटेत ठेवणे हे त्याचे काम. ईजीआर यंत्रणा सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातील काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात सोडते, ज्यामुळे ज्वलनाचे तापमान उतरते आणि इंधनही वाचते. या पिढीच्या १.८ लिटर इंजिनात तो धूर थंड करणारा कूलर इंजिनच्याच कूलंटवर चालतो, आणि गोंधळाची सुरुवात इथेच होते.

गॅस्केट एखाद्या सिलिंडरपाशी कमकुवत झाले की गाडी बंद केल्यावरही काही काळ दाबाखाली असलेले कूलंट त्या फटीतून थेंबाथेंबाने सिलिंडरमध्ये उतरते. सकाळी पहिल्या ठिणगीला तो सिलिंडर नीट पेटत नाही, म्हणून गाडी थरथरते. आतले पाणी वाफ होऊन निघून गेले की थरथर थांबते. प्रियससारख्या हायब्रीडमध्ये, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीत, हा प्रकार अधिक धोक्याचा आहे असे माझे स्पष्ट मत आहे. इथे इंजिन फिरवण्याचे काम साध्या स्टार्टरऐवजी ताकदवान मोटर-जनरेटर करतो आणि पाणी दाबले जात नसल्यामुळे, सिलिंडरमध्ये ते पुरेसे साचलेले असताना इंजिन जोराने फिरवले गेले, तर पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकू शकतो. तसे झाल्यावर नुसते गॅस्केट बदलून भागत नाही.

ईजीआरच्या बाबतीत थरथरीचे कारण निराळे असते. धूर आत सोडणारा व्हॉल्व्ह काजळीमुळे पूर्ण मिटत नसेल, तर नको तेव्हा धूर आत जातो. इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळ्यांत, साचलेला ओलावाही इंजिन सुरू होताना ओढला जातो. अशी थरथर सकाळपुरती मर्यादित राहीलच असे नाही. सिग्नलला गाडी उभी असताना इंजिन चालू झाले तरी ती जाणवू शकते. प्रवाह अपुरा असल्याचा पी०४०१ हा कोड आला, तर संशय ईजीआरकडे वळवावा.

सर्वांत मोलाची खूण मात्र कूलंटच्या टाकीत असते. बाहेर कुठे गळती नसताना पातळी हळूहळू उतरत असेल, तर नुसत्या काजळीने ते होत नाही. गॅस्केट, किंवा क्वचित ईजीआर कूलरच आतून फुटलेला, अशी शंका घ्यावी. पाहताना टाकीची चूक करू नये, कारण या गाडीत दोन टाक्या असतात आणि इन्व्हर्टरजवळची (बॅटरीची वीज मोटरला योग्य अशी करणाऱ्या उपकरणाजवळची) टाकी इन्व्हर्टरच्या स्वतंत्र शीतकरणाची असते. प्रियसच्या डॅशबोर्डवर तापमानाचा काटा नाही, फक्त इशाऱ्याचा दिवा आहे, त्यामुळे महिन्यातून एकदा थंड इंजिनवर पातळी पाहण्याला पर्याय नाही. तेल दुधाळ झालेले नाही म्हणून गॅस्केट ठीक आहे, हा समजही सोडावा. गळती सिलिंडरमध्ये होत असेल, तर तेल बराच काळ स्वच्छ दिसते.

खात्री करायची असेल, तर शीतकरण यंत्रणेत हवेचा दाब भरून ती रात्रभर तशीच ठेवावी आणि सकाळी स्पार्क प्लग काढून त्या भोकांतून बोअरस्कोपचा बारीक कॅमेरा आत सोडावा. निरोगी सिलिंडरच्या पिस्टनवर कोरडी, काळसर पुटे दिसतात. गळणाऱ्या सिलिंडरचा पिस्टन वाफेने धुतल्यासारखा लख्ख असतो आणि कडेला कधी कूलंटचा गुलाबी थेंबही दिसतो. हे चित्र मालकाने स्वतः पाहिल्याशिवाय हेड उघडण्यास होकार देऊ नये.

ही दोन दुखणी एकमेकांपासून अगदी अलगही नाहीत. कूलर आणि मॅनिफोल्डमधील बारीक वाटा असमान तुंबल्या की काही सिलिंडरांना थंड धूर कमी मिळतो, ते अधिक तापतात आणि गॅस्केटवर ताण येतो, असे ही इंजिने उघडणारे अनेक मेकॅनिक मानतात. मला हा तर्क पटतो. म्हणून गॅस्केट बदलताना कूलर, व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड साफ न करणे म्हणजे काम अर्धवट सोडणे होय. उलट, गेलेले गॅस्केट ईजीआर साफ करून सुधारत नाही. गॅस्केट शाबूत असताना लाख मैलांच्या आसपास केलेली सफाई मात्र सार्थकी लागते. इंजिनचे कूलंटही पहिल्यांदा एक लाख मैलांवर किंवा दहा वर्षांनी बदलायचे असते.

गळती बंद करणारी द्रावणे कूलंटमध्ये ओतू नयेत. ती हीटरच्या आणि ईजीआर कूलरच्या अरुंद वाटांत अडकतात. प्रत्यक्ष बदलीत उच्च दाबाच्या बॅटरीचा सर्व्हिस प्लग काढून कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरेपर्यंत दहा मिनिटे थांबणे, हेड सपाट आहे की नाही हे पट्टी व फीलर गेजने (फट मोजणाऱ्या पातळ पात्यांनी) तपासणे आणि वाकडे असल्यास फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करून, घेणे, हेडच्या बोल्टची लांबी मोजणे किंवा ते नवेच घालणे, यांपैकी काहीही गाळू नये. जोडणीनंतर शीतकरण यंत्रणेतील हवा पूर्ण काढावी लागते, कारण इथला पाण्याचा पंप विजेवर चालतो आणि हवेचा फुगा अडकला तर कूलंट फिरत नाही. पुढच्या काही दिवसांत थंड इंजिनवर पातळी पुन्हा पाहावी. हवा निघून गेल्याने ती एकदा थोडी उतरते, पण भर घातल्यावरही उतरतच राहिली, तर गाडी गॅरेजमध्ये परत न्यावी.