किहान्सीचा भेक: धरणाने हिरावलेले तुषार

टांझानियातील उडझुंग्वा डोंगररांगेत किहान्सी नदी घळईत कोसळते. धबधब्याच्या तुषारांनी बारमाही भिजणारी जेमतेम दोन हेक्टर पाणथळ जागा, एवढेच या भेकाचे, म्हणजे बेडकाच्या जातकुळीतील छोट्या प्राण्याचे, जग होते. सोनपिवळ्या रंगाचा, तीन सेंटिमीटरहून लहान असा हा प्राणी अंडी न घालता थेट पिल्ले देतो. अभ्यासकांना तो १९९६ मध्ये सापडला, तेव्हा १८० मेगावॉटच्या जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू झालेले होते. परदेशी कर्जावर उभ्या राहिलेल्या या प्रकल्पाआधी घळईची पुरेशी पाहणी झाली नाही, आणि पुढच्या सगळ्या धावपळीचे मूळ तिथेच आहे.

सर्वाधिक वाद झाला तो पाण्यावरून. वीजनिर्मितीसाठी नदीचे सुमारे ९० टक्के पाणी वळवले गेले आणि तुषार थांबले. घळईत जास्त पाणी सोडावे तर वीज कमी होणार, आणि देशाला विजेची नितांत गरज होती. अखेर थोडासा प्रवाह राखून उरलेली कसर कृत्रिम फवाऱ्यांनी भरून काढायचे ठरले. हा तोडगा व्यवहार्य होता, तरी त्यात एका प्रजातीचे अस्तित्व नळ्या आणि तोट्यांच्या भरवशावर सोडले गेले. फवारे सुरू झाल्यावर भेकांची संख्या सावरली, २००३ च्या मध्यापर्यंत ती वीस हजारांच्या आसपास गेली. त्यानंतर काही महिन्यांतच ती कोसळली. बेडूकवर्गीय प्राण्यांच्या त्वचेवर हल्ला करणाऱ्या कायट्रिड बुरशीचा संसर्ग, फवाऱ्यांतील बिघाड आणि धरणाचे दरवाजे उघडल्यावर वाहून आलेला कीटकनाशकमिश्रित गाळ, ही तिन्ही कारणे त्याच सुमारास एकत्र आली. त्यांपैकी निर्णायक कोणते, यावर आजही एकमत नाही. मात्र सगळा दोष बुरशीवर टाकला की पाण्याचा प्रश्न सोयीस्कररीत्या मागे पडतो. २००९ मध्ये ही प्रजाती निसर्गातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

ती पूर्ण संपली नाही, कारण २००० च्या अखेरीस टांझानिया सरकारच्या संमतीने ४९९ भेक अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांत हलवले होते. तिथेही सुरुवातीला आजारपणाने संख्या शंभराच्या खाली गेली. प्रकाश, आहार आणि आर्द्रता यांचे गणित जुळल्यावर हजारो पिल्ले वाढली. २०१० मध्ये शंभर भेक दार-एस-सलाममधील प्रजनन केंद्रात परतले आणि २०१२ पासून त्यांना पुन्हा घळईत सोडले जाऊ लागले. बुरशीचा धोका मात्र टळलेला नाही, म्हणूनच परदेशातील बंदिस्त वसाहतीही राखून ठेवल्या आहेत.