थंडरबर्ड प्रोफाइलचे पुनःस्थापन

संगणकावर ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने बसवल्यानंतर, म्हणजे रोजच्या बोलण्यात ‘फॉरमॅट मारल्यानंतर’, थंडरबर्ड या ई-मेल आज्ञावलीतील (प्रोग्राममधील) जुने संदेश, खाती, पत्ते, पासवर्ड आणि फिल्टर पूर्ववत करण्याची प्रक्रिया. मोझिला फाउंडेशनने थंडरबर्डची १.० ही आवृत्ती ७ डिसेंबर २००४ रोजी प्रसिद्ध केली. आज्ञावली एका जागी आणि वापरकर्त्याची विदा (डेटा) दुसऱ्या जागी ही तिची रचना तेव्हापासून कायम आहे. आज्ञावली केव्हाही पुन्हा उतरवून घेता येते. जपायचा असतो तो प्रोफाइल नावाचा फोल्डर.

विंडोजमध्ये हा फोल्डर वापरकर्त्याच्या ॲपडेटा, रोमिंग, थंडरबर्ड, प्रोफाइल्स या वाटेवर असतो. लिनक्समध्ये तो सहसा घर-फोल्डरातील टिंबाने सुरू होणाऱ्या थंडरबर्ड फोल्डरात, तर मॅकओएसमध्ये लायब्ररीत सापडतो. ॲपडेटा आणि टिंबवाले फोल्डर मुळात लपवलेले असतात. बहुतेक मेल हरवते ती येथेच. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटो नीट काढून ठेवले जातात, डिस्क पुसली जाते आणि मेल कुठे होती हा प्रश्न त्यानंतर पडतो. विंडोज बसवताना डिस्क पुसली नसेल, तर जुने वापरकर्ता-फोल्डर ‘विंडोज.ओल्ड’ मध्ये काही दिवस शिल्लक असतात. हा फोल्डर पुढे आपोआप काढला जात असल्याने शोध लगेच घ्यावा. त्यातील फाइलींची मालकी जुन्या खात्याच्या नावावर असते, त्यामुळे ‘परवानगी नाही’ असा संदेश येऊ शकतो. याचा अर्थ विदा नष्ट झाली असा नव्हे. प्रशासक खात्यातून मालकी बदलून घेतली की फाइली वाचता येतात.

प्रोफाइल फोल्डराच्या नावात आठ यादृच्छिक चिन्हे, टिंब आणि ‘डिफॉल्ट’ किंवा ‘डिफॉल्ट-रिलीज’ असा शब्द असतो. नव्या सिस्टीमवर थंडरबर्ड बसवून एकदा उघडले की आज्ञावली स्वतःचा कोरा प्रोफाइल तयार करते. ती पूर्ण बंद करून जुना फोल्डर प्रोफाइल्समध्ये ठेवावा आणि प्रोफाइल मॅनेजरमधून किंवा प्रोफाइल्स.आयएनआय फाइलीतील वाट बदलून आज्ञावलीला तो दाखवावा. २०१९ मधील ६८ व्या आवृत्तीपासून प्रत्येक स्थापनेसाठी वेगळा प्रोफाइल निवडला जातो, म्हणून जुना फोल्डर जागेवर असूनही कोरी खिडकी उघडू शकते. याच सुमारास आणखी एक अटकाव आला: नव्या आवृत्तीने वापरलेला प्रोफाइल जुनी आवृत्ती उघडत नाही. लिनक्सच्या काही वितरणांत थंडरबर्डची मागची आवृत्ती मिळते. तेथे आधी आज्ञावली अद्ययावत करणे हाच बरा मार्ग.

वापरकर्त्याचे नाव बदलले तरी सहसा बिघडत नाही, कारण प्रेफ्स.जेएस या सेटिंगांच्या फाइलीत प्रत्येक खात्याच्या फोल्डराची वाट दोनदा लिहिलेली असते: एकदा संपूर्ण आणि एकदा प्रोफाइलच्या सापेक्ष. मात्र जागा वाचवण्यासाठी कोणी मेल-फोल्डर डी ड्राइव्हवर हलवला असेल, तर तो प्रोफाइलच्या प्रतीत येत नाही आणि वेगळा काढावा लागतो.

एमबॉक्स आणि त्याच्या उगमाचा प्रश्न. थंडरबर्डमध्ये ‘इनबॉक्स’ ही मूळ मांडणीत एकच, विस्तारनाम नसलेली फाइल असते. तिच्यात सर्व संदेश एकाखाली एक लिहिलेले असतात. हा एमबॉक्स प्रकार नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या मेल आज्ञावलीकडून वारशाने आला आणि नेटस्केपने तो युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमकडून घेतला. उगमाचा काळ नेमका ठरवणे कठीण आहे. १९७१ च्या युनिक्स पुस्तिकेत मेल ही आज्ञा आहे, म्हणून काही जण प्रारंभ तेथेच मानतात. इतर अभ्यासक युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीचा, म्हणजे साधारण १९७४ चा, उल्लेख करतात. आजच्या अर्थाने एमबॉक्स म्हणजे संदेशांना एकमेकांपासून वेगळे करणारी ओळ असे धरले, तर दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

ही विभाजक ओळ ‘फ्रॉम’ हा इंग्रजी शब्द आणि त्यापुढील एक मोकळी जागा यांनी सुरू होते. मग पाठवणाऱ्याचा पत्ता व वेळ येते. थंडरबर्ड परंपरेने पत्त्याच्या जागी नुसती आडवी रेघ लिहिते, त्यामुळे अनोळखी फाइलही मोझिला कुळातील आहे हे ओळखता येते. अडचण अशी की पत्राच्या मजकुरातही एखादी ओळ याच शब्दाने सुरू होऊ शकते. मग वाचणारी आज्ञावली एका पत्राचे दोन तुकडे करते आणि दुसऱ्या तुकड्याला ना विषय, ना तारीख.

यावरचे उपाय चार उपप्रकारांत मोडतात. एमबॉक्सओ मध्ये मजकुरातील अशा ओळीआधी ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह लावतात. पण ते मुळातच लिहिलेले होते की नंतर लावले, हे मागाहून कळत नाही. राहुल धेसी यांच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या एमबॉक्सआरडी मध्ये आधीच चिन्ह असलेल्या ओळींनाही आणखी एक चिन्ह लावतात, म्हणून वाचताना एकेक चिन्ह काढले की मूळ मजकूर जसाच्या तसा मिळतो. एमबॉक्ससीएल आणि एमबॉक्ससीएल२ हे प्रकार संदेशाची लांबी शीर्षकात (पत्राच्या वरच्या तांत्रिक ओळींत) लिहून तिच्यावर विसंबतात. नेटस्केपच्या मेलवर काम केलेले जेमी झविन्स्की यांनी या लांबीवर विसंबण्याला कडाडून विरोध केला, कारण मधल्या एखाद्या आज्ञावलीने एक ओळ जरी बदलली तरी मोजमाप चुकते. सप्टेंबर २००५ च्या आरएफसी ४१५५ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजाने एमबॉक्सची माध्यम-प्रकार (फाइल कोणत्या प्रकारची हे सांगणारे नाव) म्हणून नोंदणी केली. मात्र सर्वमान्य असे एकच विनिर्देशन नाही हेही तेथेच मान्य केले. पुनःस्थापनाचा विचार करता उलट करता येणारी पद्धत म्हणून एमबॉक्सआरडी सरस ठरते. एका आज्ञावलीची एमबॉक्स फाइल दुसरीत नेताना संदेशांची संख्या आधी व नंतर ताडून पाहावी, कारण वाढलेला आकडा सहसा तुटलेल्या पत्रांचा असतो.

प्रत्येक एमबॉक्स फाइलीशेजारी त्याच नावाची एमएसएफ फाइल असते. ती निव्वळ सूची आहे. फोल्डर रिकामा दिसत असेल किंवा विषय एकाचा आणि मजकूर दुसऱ्याचा उघडत असेल, तर थंडरबर्ड बंद करून एमएसएफ फाइल काढून टाकावी; पुढच्या वेळी ती नव्याने बांधली जाते. वाचलेले व न वाचलेले ही खूण तरीही टिकते, कारण थंडरबर्ड प्रत्येक पत्राच्या शीर्षकात ‘एक्स-मोझिला-स्टेटस’ अशी चार अंकी ओळ लिहून ठेवते. तेथे ०००१ म्हणजे वाचलेले आणि ०००९ म्हणजे वाचून खोडलेले. खोडलेले पत्र फोल्डर ‘कॉम्पॅक्ट’ करेपर्यंत, म्हणजे खोडलेल्या पत्रांची जागा मोकळी करेपर्यंत, फाइलीतच असते. प्रतीवर काम करून ०००९ चे ०००१ केले आणि सूची पुन्हा बांधली की ते पत्र यादीत परत येते. चुकून खोडलेले जुने पत्र असे सुखरूप हाती लागते, म्हणून प्रत काढण्याआधी कॉम्पॅक्ट करण्याची घाई करू नये.

इनबॉक्स एकच फाइल असल्याचा आणखी एक परिणाम पेनड्राइव्हवर दिसतो. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल बसत नाही. बाकी सारा प्रोफाइल उतरतो आणि नेमका इनबॉक्स मागे राहतो. त्यासाठी एक्सफॅट किंवा एनटीएफएस वापरावे. आज्ञावलीतील निर्यात सुविधेलाही मोठ्या प्रोफाइलच्या बाबतीत मर्यादा आहे, त्यामुळे संपूर्ण फोल्डराची साधी प्रत हीच सर्वांत भरवशाची.

पासवर्ड लॉगिन्स.जेसन मध्ये आणि ते उलगडणारी किल्ली की४.डीबी मध्ये असते. दोन्ही फाइली एकाच वेळच्या आणि एकत्र हव्यात; एकट्या फाइलीचा उपयोग नाही. थंडरबर्ड हे पासवर्ड विंडोजच्या खात्याशी बांधत नाही, म्हणून ते नव्या सिस्टीमवरही चालतात. साठवलेल्या पासवर्डांवर प्राथमिक पासवर्ड लावलेला असल्यास तो मात्र आठवायलाच हवा. ७८ व्या आवृत्तीपासून कूटलेखनाच्या ओपनपीजीपी किल्ल्याही प्रोफाइलमध्येच असतात. खाजगी किल्ली गेली तर तिने उलगडणारी जुनी पत्रे सर्व्हरवर असूनही वाचता येत नाहीत. मेल परत मिळाली तरी हे नुकसान भरून निघत नाही.

आयमॅप पद्धतीच्या खात्यात मूळ पत्रे सर्व्हरवर असतात आणि संगणकावर त्यांची प्रत असते, त्यामुळे नुसते खाते पुन्हा जोडले तरी ती उतरतात. फक्त संगणकावर असलेले ‘लोकल फोल्डर्स’ मात्र याला अपवाद. पॉप३ या दुसऱ्या पद्धतीत पत्र उतरवून सर्व्हरवरून काढले गेले असेल, तर प्रोफाइल हीच एकमेव प्रत ठरते. सर्व्हरवर प्रत ठेवण्याची सोय चालू असल्यास पॉपस्टेट.डॅट ही छोटी फाइलही सोबत न्यावी. कोणती पत्रे आधी उतरली याची यादी तिच्यात असते. ती नसली तर सारी मेल पुन्हा उतरते आणि दुहेरी होते.

इतर आज्ञावलींत हेच तत्त्व वेगळ्या फाइलींत दिसते. आउटलुक एक्सप्रेस प्रत्येक फोल्डरासाठी डीबीएक्स फाइल ठेवत असे. आउटलुकची पीएसटी फाइल नव्या स्थापनेत सरळ उघडता येते, ओएसटी मात्र जुन्या खात्याशी बांधलेली असल्याने तशी उघडत नाही.

मराठी पत्रव्यवहाराची एक निराळी अडचण आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा फाँटांत लिहिलेली पत्रे फॉरमॅटनंतर रोमन अक्षरांची खिचडी दिसतात. विदा शाबूत असते, गेलेला असतो तो फाँट. तो पुन्हा बसवला की एचटीएमएल पत्र पुन्हा वाचता येते, म्हणून फाँटांच्या फाइलींची प्रत प्रोफाइलसोबत ठेवणे आवश्यक. याउलट युनिकोडमधील मराठी पत्र एमबॉक्स फाइलीत बहुधा बेस६४ रूपात, म्हणजे रोमन अक्षरे व अंकांच्या सांकेतिक रूपात, असते आणि नोटपॅडमध्ये उघडल्यास मुळीच मराठी वाटत नाही. तरी ते ओळखता येते: मजकूर देवनागरीने सुरू होत असेल तर पहिल्या शब्दाच्या प्रत्येक वर्णामागे चार चिन्हांचा गट येतो, आणि तो चार हा अंक, मोठा के आणि मोठा एस यांनी, किंवा एसच्या जागी डब्ल्यूने सुरू होतो. पहिल्या मोकळ्या जागेनंतर हा क्रम सरकतो.